ब्रेक दाबू नको

माझ्या भावाची ट्रेन संध्याकाळी यायची होती आणि दुपारची जेवणं उरकली तरी आमच्या गाडीला तीनच चाकं होती. चौथं चाक कंपाउंडच्या भिंतीला टेकून उभं होतं. गाडी जॅकवर तिरकी उचललेली, मागच्या चाकांना विटा लावलेल्या, आणि माझे वडील बनियन आणि जुन्या पँटमध्ये उघड्या पडलेल्या हबसमोर पाटावर बसलेले. रायपूरच्या चौबे कॉलोनीतली सगळी शहाणी माणसं त्या उन्हात कूलरसमोर पडली होती. मी तेवढी बाबांच्या डोक्यावर छत्री धरून उभी होते आणि संतापले होते. माझा संताप आमच्या घरात पंख्यासारखा चालूच असतो, त्याची कोणी दखल घेत नाही.

झालं असं होतं की दोन दिवसांपूर्वी पुढचं डावं चाक पंक्चर झालं. बाबांनी कोणाला न सांगता ते स्वतः बदललं. शेवटचा नट वाकडा चढला असावा, तो बसेना. मग हा पंचाहत्तरी ओलांडलेला माणूस पान्यावर चक्क उभा राहिला. मी स्वयंपाकघरात होते, मला तिथे ‘टण्ण’ असा आवाज आला. चाक ज्या चार जाड खिळ्यांवर बसतं, ज्यांना सगळे स्टड म्हणतात, त्यातला एक मुळापासून तुटून नटासकट बाबांच्या पायाशी पडला होता.

मी लगेच भावाला फोन केला. कोणतीही गोष्ट घडली की ती भावाला कळवल्याशिवाय मला चैन पडत नाही. तो धाकटा, पुण्यात असतो, आणि वर्षभरापासून त्याचा एकच धोशा चालू होता की बाबांचं गाडी चालवणं बंद करा. नागपूरला त्याच्या एका मित्राला अशी जुनी गाडी हवीच होती. तो रायपूरला येणार, दोन दिवस राहणार आणि जाताना गाडी घेऊन नागपूरला जाणार, असा त्याचा बेत होता. स्टडची बातमी ऐकल्यावर त्यानं बाबांना फोनवर घेतलं आणि म्हणाला की आता तर तुम्हाला एक नटही धड आवळता येत नाही.

बाबांनी फोन एका कानावरून दुसऱ्या कानावर घेतला. मग म्हणाले, “मी तुले घ्याले येतो स्टेशनवर. याच गाडीनं, सोता चालवत. आलो नाही तं घेऊन जाजो गाडी.”

भाऊ म्हणाला, ठरलं.

आता ही गाडी काही सोन्याची नव्हती. रंग उडालेला, दार दोनदा आपटल्याशिवाय लागत नाही. पण आई गेल्यावर बाबा माझ्याकडे राहायला आले तेव्हा तात्यापाऱ्यातलं आमचं जुनं घर विकून फक्त दोन गोष्टी घेऊन आले, आईचा फोटो आणि ही गाडी. माझ्या घरात त्यांना सगळं मागावं लागतं. चहा मागावा लागतो, टीव्हीचा रिमोट मागावा लागतो, बाथरूम मोकळं आहे का ते विचारावं लागतं. मी कधीच नाही म्हणत नाही, पण मागावं तर लागतंच ना. गाडीची किल्ली तेवढी त्यांच्या खिशात असते. सकाळी उठतात, ‘जाऊन येतो’ म्हणतात आणि जातात. कुठे, ते सांगत नाहीत. बहुतेक वेळा खारुन नदीच्या घाटावर जाऊन नुसते बसून येतात. ते ‘जाऊन येतो’ भाऊ बंद करणार होता आणि खरं सांगायचं तर मी अर्धी त्याच्या बाजूनं होते. बाबा बाहेर असले की फोन वाजला तरी मी हातातलं काम टाकून धावायचे. आणि अर्धी बाजू मला हेही सांगत होती की ती किल्ली गेली की हा माणूस खुर्चीत बसेल आणि परत उठणार नाही.

बाबांनी तुटका स्टड रुमालात गुंडाळला, ई-रिक्षानं जाऊन तसाच नवा आणला. मिस्त्रीला बोलवायला मात्र तयार नव्हते. मी म्हटलं, तीन नटांवरही स्टेशनपर्यंत जाईल की गाडी. त्यांनी माझ्या हातात छत्री दिली आणि पाटावर जाऊन बसले.

मदतीला माझी मुलगी होती. नवरा कोरब्याला नोकरीवर, त्यामुळे घरात आम्ही तिघंच. मुलगी कॉलेजात, नुकतंच लायसन्स मिळालेलं, आणि भाषा हिंदी. मराठी तिला सगळं समजतं, पण तोंडातून शब्द काढायचा नाही म्हणजे नाही. इथल्या आमच्या मराठी घरांतून हीच रड आहे. मराठ्यांच्या फौजेबरोबर आलेली आमची माणसं इतक्या पिढ्या भाषा टिकवून बसली आणि ती मोबाइलसमोर येऊन ढेपाळली. बाबांनी यावर एक उपाय काढला होता. तिनं हिंदीत उत्तर दिलं की ते छताकडे बघून म्हणायचे, “कोन बोलून राहिलं? मले काही ऐकू नाही आलं.” मग तीही हट्टानं तेच वाक्य पुन्हा हिंदीतच म्हणायची. हे रोजचं होतं.

तुटक्या स्टडचा मागचा तुकडा हबमध्ये अडकलेला होता, तो ठोकून मागच्या बाजूनं काढायचा होता. त्यासाठी बाबांनी आधी डिस्कला दोन्हीकडून चावून धरणारा ब्रेकचा जबडा, म्हणजे कॅलिपर, सोडवला आणि तारेनं स्प्रिंगला टांगून ठेवला. डिस्क काढून घेतली. हबच्या मागे एक खाच असते, तिच्यातूनच तुकडा बाहेर निघतो, पण ती खाच मोकळी व्हायला स्टिअरिंग पूर्ण वळवावं लागतं. म्हणून मुलीला ड्रायव्हरच्या सीटवर बसवलं. तिनं स्टिअरिंग वळवलं, बाबांनी हातोडा मारला, आणि दोन-तीन घावांत तो तुकडा खाली पडला. बाबा इतके खूश झाले की मला म्हणाले, आता फक्त बसवायचा उरला.

नवा स्टड आत घालण्याआधी त्यांनी टांगलेल्या कॅलिपरकडे पाहिलं. त्यात दोन्ही बाजूंना ब्रेकचे पॅड असतात. त्यांच्यामध्ये माती अडकली होती म्हणून बाबांनी डाव्या हाताची बोटं आत घातली. त्यांचं डोकं मडगार्डच्या आड होतं. मुलगी सीटवर सावरून बसत होती, तिचा पाय पेडलवर आला असावा, कारण बाबांना पॅड जरासा हललेला जाणवला.

ते आतूनच म्हणाले, “ब्रेक दाबू...”

आणि मग श्वास घेऊन, “नको.”

या दोन शब्दांच्या मध्ये माझ्या मुलीनं ब्रेक दाबला.

बाबा ओरडले नाहीत. तोंडातून फक्त हवा बाहेर पडल्यासारखा आवाज आला. मी छत्री फेकली आणि खिडकीवर हात आपटला. तिनं पाय काढला, पण पॅड उघडेनात. मी हातोड्याच्या दांड्यानं त्यांच्या फटीत जोर लावला तेव्हा कुठे बाबांची बोटं सुटली. मधलं आणि त्याच्या शेजारचं बोट पांढरं पडलेलं होतं, आणि माझ्या डोळ्यांदेखत ती जांभळी होत गेली. हलत होती, मोडली नव्हती. मी बर्फ आणला, भांड्यात पाणी आणलं, आणि हे सगळं करताना मुलीला वाट्टेल ते बोलत होते. कानात काय बोळे घातले होते, मोबाइल होता का हातात, आजोबांचा हात गेला असता.

ती दार उघडून उभी राहिली.

“आजोबा ने बोला दाबू,” ती म्हणाली.

मी म्हटलं, त्यांनी दाबू नको म्हटलं.

“नको तो बाद में बोला न, मम्मी.”

तिचं बरोबर होतं. हिंदीत ‘मत’ आधी येतं. ‘मत दबा’ म्हटलं की माणूस ‘मत’लाच थांबतो. आमच्याकडे आधी काम सांगून टाकतात आणि ‘नको’ मागाहून येतं. ज्याचं आयुष्य मराठीत गेलं तो वाक्य संपेपर्यंत थांबतो, त्याला ते शिकवावं लागत नाही. माझ्या मुलीला मराठी समजत होतं, पण तिचा पाय हिंदीत वाढला होता. मला तिचा राग आला, बाबांच्या दम लागण्याचा राग आला, आणि मग स्वतःचाच इतका आला की मी उन्हातच पायरीवर बसले.

बाबा भांड्यात हात बुडवून हे सगळं ऐकत होते. त्यांनी पाण्यातून हात काढला आणि नवा स्टड उचलायला गेले. तो बोटांतून निसटून पडला. पुन्हा उचलला, पुन्हा पडला. मी म्हटलं, बाबा, पुरे आता. मिस्त्रीला बोलावते, आणि तुमचा पोट्टा रिक्षानं येईल घरी, तो काही वाट चुकायचा नाही.

“मिस्त्री नको,” ते म्हणाले. “तू पाना धर.”

मग ते माझ्या मुलीकडे वळले, आणि माझ्या आठवणीत पहिल्यांदा या घराच्या कंपाउंडमध्ये त्यांनी नातीशी हिंदीत बोलायला सुरुवात केली. “बेटा, अब मैं हिंदी में बोलूंगा. मत बोला तो मत.”

तिनं फक्त मान हलवली. गेली कित्येक वर्षं ती ज्या गोष्टीसाठी भांडत होती ती तिला मिळाली होती आणि तिचा चेहरा असा झाला होता की मला तिच्याकडे बघवेना.

नवा स्टड मागच्या बाजूनं घालून पुढून ओढून घ्यायचा असतो. त्याच्या मानेवर बारीक दाते असतात, ते हबच्या छिद्रात घट्ट रुतावे लागतात. बाबांनी सांगितल्याप्रमाणे मी स्टडवर ग्रीस लावलेले वायसर एकावर एक चढवले आणि वरून नट फिरवला. हब फिरू नये म्हणून मुलीनं उरलेल्या स्टडांच्या मध्ये एक लोखंडी पट्टी अडकवून दोन्ही हातांनी धरली. आता मी नट आवळायचा आणि स्टड इंच इंच पुढे सरकायचा.

पहिले काही फेरे सोपे गेले. मग पाना जड झाला. मी जोर लावला की आतून करकर असा आवाज यायचा, आणि प्रत्येक करकरीला मला वाटायचं की आता ‘टण्ण’ होणार. दुसरा स्टड नव्हता आणि आणायला वेळही नव्हता. बाबांचं तोंड माझ्या खांद्यापाशी होतं. ते “धीरे” म्हणत होते, “रुक” म्हणत होते, मला सुद्धा हिंदीतच सांगत होते. घामानं पाना हातातून सटकत होता. मुलीच्या हातातली पट्टी एकदा सुटली आणि माझ्या मनगटाला लागून गेली. मी शिवी दिली. बाबांसमोर दिली.

“अब मत घुमा,” बाबा म्हणाले.

मी थांबले. मुलगी जमिनीवर आडवी झाली, मोबाइलचा टॉर्च लावून हबच्या मागे डोकावली. स्टडचं डोकं पूर्ण टेकलं आहे का ते बघायचं होतं. ती इतका वेळ बोलली नाही की मला तिचा पाय ओढावासा वाटला.

“बैठ गया,” ती म्हणाली.

पण अडचण संपली नव्हती. ब्रेक दाबल्यामुळे कॅलिपरचा दट्ट्या बाहेर आला होता आणि आता जबडा परत लावलेल्या डिस्कवर चढेना. लाकडी पट्टी लावून आम्ही दोघींनी दट्ट्या मागे ढकलला, एकीनं पट्टी धरून, दुसरीनं अंगाचा भार टाकून. बाबा उजव्या हातानं दाखवत होते, डावा हात छातीशी धरून. त्या हाताकडे कोणी बघत नव्हतं, पण तिघांच्याही डोक्यात तोच होता. गाडी चालवताना गेअर डाव्या हातानं टाकतात.

चाक चढलं. समोरासमोरचे नट घेत मी ते आवळले. शेवटच्या नटाला मी जरा जास्तच जोर लावला तेव्हा बाबा नकळत पुन्हा मराठीत गेले, “पान्यावर उभी राहू...” आणि मी वाक्य पुरतं होईपर्यंत थांबले. मग मुलीनं सीटवर बसून पेडल घट्ट होईपर्यंत ब्रेक दाबून पाहिला, “दबा” म्हटल्यावरच.

नेमकी त्या दिवशी ट्रेन वेळेवर होती. बाबांनी अंघोळ केली, इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला. मी बटणं लावून दिली, त्यांनी लावू दिली. ते स्टिअरिंगसमोर बसले, किल्ली फिरवली, आणि डावा हात गेअरच्या मुठीवर ठेवला. बोटं मिटेनात. तळव्यानं ढकलून पाहिलं, तोंड वेडंवाकडं झालं. मी मागच्या सीटवर होते. मला रडू आलं आणि मी ते खिडकीकडे वळून गिळलं.

बाबा समोर बघत होते. क्लच दाबलेला होता. तेव्हा शेजारच्या सीटवरून मुलीनं काही न विचारता हात पुढे केला, त्यांचा हात अलगद बाजूला केला आणि पहिला गेअर टाकला.

त्या प्रवासाचं वर्णन मला हसत करता आलं असतं, पण तेव्हा मला हसू आलं नव्हतं. क्लच, ब्रेक, स्टिअरिंग बाबांचं आणि गेअर मुलीचा. बाबा “दूसरा” म्हणायचे, ती टाकायची. आझाद चौकात गाडी बंद पडली आणि मागून हॉर्नचा गदारोळ उठला. मी तर चाकाचाच आवाज ऐकत होते. खड्ड्यातून गेलो की मला डावीकडे काहीतरी खडखडल्यासारखं वाटायचं. तात्यापारा आल्यावर बाबांनी गाडी कडेला घेतली. नवा स्टड बसवला की थोडं चालल्यावर नट पुन्हा बघायचे असतात, म्हणाले. म्हणून मी, चांगल्या साडीत, जिथे माझं लहानपण गेलं त्याच रस्त्यावर, लोकांच्या देखत वाकून चारही नटांना पाना लावला. एकही हलला नाही. पुढे शारदा चौकापाशी एक ई-रिक्षा अचानक आडवी आली. बाबांनी ब्रेक दाबला आणि गाडी सरळ, जागच्या जागी थांबली. माझ्या मुलीनं डोळे मिटून घेतलेले मी आरशात पाहिले.

भाऊ स्टेशनबाहेर बॅग घेऊन उभा होता. गाडी बघून त्याचा चेहरा उजळला, हे मला कबूल करायला पाहिजे. तो बाबांच्या खिडकीशी आला, वाकला आणि म्हणाला की स्वतः चालवत आणलीत म्हणजे कमाल केलीत.

बाबांनी डावा हात वर करून त्याला दाखवला. “स्टेअरिंग मी धरलं. गेअर हिनं टाकले,” ते म्हणाले. शब्द दिला होता सोता चालवत यायचा, आणि त्यात हातचलाखी करणारा माणूस तो नाही.

भावानं ती जांभळी बोटं पाहिली. तो काही दुष्ट नाही. “बाबा, मी हेच म्हणत होतो ना,” तो हळू आवाजात म्हणाला. आणि त्यानं किल्लीसाठी हात पुढे केला.

बाबांनी गाडी बंद केली. किल्ली काढली, उजव्या तळव्यावर ठेवली. तो तळवा त्यांनी खिडकीबाहेर नेला. पैज हरलेल्या माणसानं जसा हात पुढे करावा तसाच तो होता. मग ते म्हणाले,

“गाडी नेऊ...”

आणि त्यांचा आवाज बसला. ओठ हलत होते, शब्द येत नव्हता. आम्हा दोघींना उद्देशून ‘नेऊ दे’, असंही ते वाक्य संपू शकलं असतं. भावाला तसंच वाटलं असणार, कारण त्याची बोटं किल्लीपर्यंत पोचली होती. मी पुढे झुकले. मला ते वाक्य कसं संपतं ते माहीत होतं, आयुष्यभर ऐकलेली भाषा होती ती माझी, पण ते संपवणं माझ्याच्यानं झालं नाही. या माणसानं माझ्या घरात येऊन सगळं मागितलं होतं, पण हे पहिल्यांदा मागत होता.

माझी मुलगी आजोबांच्या तोंडाकडे बघत होती. दुपारी ती शेवटच्या शब्दासाठी थांबली नव्हती. आता थांबली होती. थांबून थांबून तिला कळलं की तो येणार नाही.

“नको,” ती म्हणाली. “नको, मामा.”

भावानं तिच्याकडे पाहिलं. तिच्या तोंडून मराठी त्यानं कधी ऐकलं नव्हतं, आणि मीही तिच्या बोबड्या वयानंतर ऐकलं नव्हतं. त्याचा हात किल्लीवर तसाच राहिला. मग त्यानं बाबांची चार बोटं किल्लीवर मिटवली, मागचं दार दोनदा आपटून लावलं आणि बॅग मांडीवर घेऊन माझ्या शेजारी बसला.

बाबांनी किल्ली लावली. क्लच दाबला. नाक ओढल्याचा आवाज आला.

“टाक,” ते नातीला म्हणाले.

तिनं पहिला टाकला.